प्लेटवर तीस लिहिलंय

३ फेब्रुवारी

बारके,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. कागदात मधेच तोंड खुपसता येत नाही.

तुला हवा होता तो ट्रान्सफॉर्मर उद्या टेम्पोने निघेल. चौदा किलो आहे. शाळेच्या शिपायाला उचलायला सांग, कंबर धरली तर मला बोल लावू नकोस. वरच्या प्लेटवर लिहिलंय, पंधरा हजार व्होल्ट, तीस मिलिअँपिअर. निऑनच्या पाट्या पेटवायला बाबा जे ट्रान्सफॉर्मर बांधायचे त्यातला हा शेवटचा. बाकीचे भंगारात गेले, पाट्याही गेल्या, आणि दुकान तर मी गेल्या वर्षीच बंद केलं. आता सगळीकडे एलईडीच्या माळा लावतात, त्याला अक्कल लागत नाही. हा एकच ठेवला होता, कारण असं काम पुन्हा कोणाच्या हातून झालं नाही. माझ्याही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आणि तू त्याचं काय करणार, तर टेस्ला कॉइल. हातभर लांब ठिणग्या पाडणार म्हणे. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या आणि आता निवृत्तीच्या तोंडावर बाईंना शास्त्रज्ञ व्हायचंय. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. इंटरनेटवर चार व्हिडिओ पाहिले की हल्ली जो तो इंजिनियर होतो, त्यात तू का मागे राहावंस.

तरी देतोय, कारण तुझी वहिनी रोज त्याला ठेचकाळते आणि रोज मला ऐकवते. जपून वापर. बाबांच्या हातची वस्तू आहे, तुझ्या परीक्षानळ्यांसारखी बाजारात दुसरी मिळायची नाही.

आशीर्वाद आहेतच, ते लांबण लावून लिहीत नाही.

दादा

९ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

ट्रान्सफॉर्मर पोचला. शिपाई रजेवर होता, मीच उचलला. कंबर जागेवर आहे.

झाकणाचा एक कोपरा चेपलाय. टेम्पोवाल्याला शिव्या घालू नकोस, चेप जुना आहे, त्याच्यावर रंग चढलाय. तो पाहून मी जरा वेळ बसूनच राहिले होते. ते असो.

परीक्षानळ्यांचं म्हणालास ते खरंच आहे. एकतीस वर्षांत सात विज्ञानाचे शिक्षक आले. सातांनाही प्रयोग मीच मांडून दिले, बिघडला तर टेबलाखाली बसून मीच सावरला, आणि टाळ्या त्यांनी घेतल्या. निरोपाला मोठ्या बाई मला भिंतीवरचं घड्याळ देणार होत्या. मी म्हटलं, घड्याळ नको, सभागृहाचा एक तास द्या. वीस मार्चला दुपारी तीन ते चार मिळालाय. एवढा एक तास माझा आहे, दादा.

कॉइल जवळजवळ तयार आहे. सांडपाण्याच्या पाइपावर साडेनऊशे वेढे, तीनदा वॉर्निश. ठिणगीच्या फटीला पितळेचे दोन बोल्ट घेतलेत. राहिला कॅपॅसिटर. तो चौदा नॅनोफॅरडचा धरलाय, छोटे छोटे जोडून माळा करायला घेतल्या आहेत. वहिनीच्या पायाला आता बरं असेल.

बारकी

१४ फेब्रुवारी

बारके,

चौदा? दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चौदाच.

हा आकडा कुठून काढलास? तुझ्या सात शिक्षकांपैकी कोणी सांगितला असेल तर त्याचा पगार परत घ्यायला हवा. स्वतः काढला असशील तर अकलेचे तारे इतक्या उंचावरून तोडू नयेत, खाली माणसं असतात.

सोप्या भाषेत सांगतो, अवघड तुला झेपायचं नाही. ट्रान्सफॉर्मर म्हणजे नळ आणि कॅपॅसिटर म्हणजे बादली. बादली भरली की ठिणगीच्या फटीतून एकदम ओतली जाते, पुन्हा भरते, पुन्हा ओतली जाते. पंधरा हजार व्होल्ट आणि तीस मिलिअँपिअरच्या नळाला बरोब्बर जुळणारी बादली येते सहा पूर्णांक चार नॅनोची. अर्धवट शहाणी माणसं तेवढीच बसवतात आणि तिथेच फसतात. कारण बरोब्बर जुळलं की दोघं एकमेकांना झोके देत बसतात. फट जरा जास्त रुंद राहिली, ठिणगी वेळेवर पडली नाही, की दर झोक्याला व्होल्टेज चढत जातं. पंधराचे तीस हजार होतात आणि आतला तारेच्या थरांमधला कागद फुटतो. डांबरात गाडलेली वाइंडिंग, ती काही उघडून दुरुस्त करता येत नाही. संपला ट्रान्सफॉर्मर.

म्हणून जुळणीच्या दीडपट बादली ठेवायची, म्हणजे झोका लागत नाही. साडेनऊ नॅनो. हे मला कोणा व्हिडिओने शिकवलेलं नाही. लोक हौसेने असले उद्योग करायचे आणि जळालेले ट्रान्सफॉर्मर तोंड पाडून माझ्या दुकानात आणायचे, त्यातून शिकलो.

तुझे चौदा म्हणजे जुळणीच्या दुपटीहून जास्त. चमच्याने विहीर भरायला निघालीस. ठिणगी पडेल ती गॅसच्या लायटरएवढी, आणि मुलं हसतील. साडेनऊचा बांध.

कोपऱ्यातल्या चेपाचं म्हणशील, तर तो बाबांच्या हातोडीचा आहे. तसे चेपही तुला जमायचे नाहीत.

दादा

२० फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

झोक्याचं आणि दीडपटीचं तू सांगितलंस ते अगदी बरोबर आहे. मीही दीडपटच धरलंय. फक्त तीस मिलिअँपिअरची नाही, पंचेचाळीसची.

ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं जोडून मीटर लावला होता. तीन दिवस, तीन वेळा. तीनही वेळा काटा पंचेचाळीसवर थांबला. प्लेटवर तीस असेल, आतून पंचेचाळीस येतात. आता पंचेचाळीसला बरोब्बर जुळणारी बादली किती होते ते तूच काढून बघ. मी सांगते, साडेनऊ. तुझे साडेनऊ. तू ज्या आकड्याला सुरक्षित म्हणतोस, नेमका तोच या ट्रान्सफॉर्मरचा जीव घेईल. साडेनऊची दीडपट चौदा आणि थोडं वर. चमचा मोठा आहे, दादा, म्हणून विहीरही मोठी घेतली.

प्लेटवर तीस का आहे हे मला विचारू नकोस. बाबांनी तीसच्या शंभर प्लेटा एकदम छापून घेतल्या होत्या, एवढं तुलाही आठवत असेल.

बारकी

२५ फेब्रुवारी

बारके,

प्लेटवर तीस लिहिलंय. बाबांनी लावलेली प्लेट आहे. तुझ्या शाळेतला मीटर कोणत्या काळातला आहे? मी पाहिलाय तो. त्याच्या काचेत माशी मेलेली आहे. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर तू अंगण बांधणाऱ्यालाच वेडा ठरवतेस.

तुला ठाऊक नाही म्हणून सांगतो, तू कधी दुकानात फिरकली नाहीस. मी कारखान्यातून शिकून परत आलो, त्याच आठवड्यात बाबांनी हा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या मशीनसमोरच्या फळीवर ठेवला. त्यावर निऑनची निळी नळी लावून दाखवली. तसा उजेड मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बाबा म्हणाले, "असा एक बांधून दाखव, मग बोर्डावर तुझं नाव लिहितो."

एकोणीस वर्षं मी बांधत राहिलो. एकूण एक ट्रान्सफॉर्मर बाबा त्याच्या शेजारी लावून बघायचे, दोन्ही नळ्या पेटवायचे आणि मान हलवायचे. बोलायचे काही नाहीत. माझी नळी नेहमीच फिकी. तार बदलून पाहिली, कागद बदलला, वेढे मोजून मोजून डोळे गेले. गिऱ्हाइकं खूश असायची, बाबा नाही. ते गेले तेव्हा बोर्डावर त्यांचंच नाव होतं आणि मी दुकान बंद केलं त्या दिवशीही त्यांचंच होतं. हे मी तुझ्या वहिनीलाही कधी सांगितलं नाही. तुला एवढ्याचसाठी सांगतो, की ज्या हाताने तो बांधला त्याच्याबद्दल बोलताना जीभ जरा आवरावीस.

तेव्हा आता ऐक. मोठ्या बाईंना मी फोन केला होता. त्यांना सांगितलं, पंधरा हजार व्होल्टचा मामला आहे, जाणकार माणसाने तपासल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. बाई समंजस आहेत. माझी सही असल्याशिवाय प्रयोग होणार नाही, असं त्यांनी कबूल केलंय. मी सोळा तारखेला येतोय, साडेनऊ नॅनोचा कॅपॅसिटर बांधून आणतोय, तो बसवीन आणि सही करीन. नसेल पटत तर ट्रान्सफॉर्मर परत घेऊन जाईन. बघ काय ते.

दादा

५ मार्च

बारके,

नऊ दिवस झाले, उत्तर नाही. उथळ पाण्याचा खळखळाट थांबला म्हणायचा.

कॅपॅसिटर तयार आहे. सोळाला सकाळच्या गाडीने येतो. बाकं बाजूला सारून ठेव, आणि तो माशीवाला मीटर माझ्या डोळ्यांसमोर नको.

दादा

८ मार्च

दादा,

सोबतचं छोटं पार्सल आधी उघड. उघडलंस का? त्यात माझी शाळेतली कंपासपेटी आहे. तिच्यात लोखंडाच्या सहा पट्ट्या आहेत. कशाच्या ते मी तुला सांगायला नको. दोन वाइंडिंगच्या मधल्या फटीत ज्या घालतात आणि करंटला आवर घालतात, त्याच. डाव्या बाजूला नऊ आणि उजव्या बाजूला नऊ, अशा अठरा घालायच्या असतात. त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बारा आहेत. उरलेल्या सहा तुझ्या हातात आहेत.

तू तीन महिने कारखान्यात शिकायला गेला होतास तेव्हा बाबांचा उजवा हात डांबराने भाजला. औषधाच्या दुकानाच्या पाटीचं काम अंगावर घेतलेलं होतं. मी सोळा वर्षांची होते. बाबा स्टुलावर बसून सांगायचे आणि मी बांधायची. अकरा दिवस. केसापेक्षा बारीक तार, दर थराला कागद, तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तो ट्रान्सफॉर्मर मी बांधलाय, दादा. ज्या हाताचा मान राखायला सांगतोस तो माझा हात आहे आणि तोच आता हे पत्र लिहितोय.

शेवटच्या दिवशी बाबा ड्रेसिंगला गेले होते. मी कागद जरा जाड घेतला होता, त्यामुळे पट्ट्या बसेनात. दोन्ही बाजूंना सहा-सहा कशाबशा गेल्या, पुढची जाईना. हातोडीने ठोकून पाहिलं, ती निसटली आणि झाकणाचा कोपरा चेपला. बाबांच्या हातोडीचा चेप म्हणतोस तो हाच. मी घाबरले. उरलेल्या सहा कंपासपेटीत लपवल्या आणि झाकण लावून टाकलं. संध्याकाळी बाबांनी डांबर ओतलं. दुसऱ्या दिवशी नळी लावली तर उजेड असा पडला, की समोरचा दुकानदार बघायला आला. पडणारच. आवर घालणाऱ्या पट्ट्याच कमी होत्या, करंट दीडपट झाला होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, मी फार छान बांधला.

बाबांनी प्लेट लावली आणि ते म्हणाले, "दादाला सांगू नकोस. त्याचं मन मोडेल." तू आलास आणि मला दुकानात यायची बंदी झाली. ट्रान्सफॉर्मर औषधाच्या दुकानावर लागला, असं त्यांनी मला सांगितलं होतं. एकेचाळीस वर्षं मी तेच धरून चालले. टेम्पोवाल्याने पोतं सोडलं आणि तो चेप दिसला तेव्हा कळलं की तो कुठे गेलाच नव्हता.

तरी मी तुला सांगणार नव्हते. शब्द दिला होता, आणि चुकीची लाजही होती. मीटरवर भागेल असं वाटलं. पण तुझं पंचवीसचं पत्र वाचलं आणि नऊ दिवस माझ्याने पेन धरवेना. तुझं मन मोडू नये म्हणून बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला, आणि मग तोच ट्रान्सफॉर्मर तुझ्या नाकासमोर ठेवून एकोणीस वर्षं रोज तुझं मन मोडलं. माझ्या चुकीशी तुझं बरोबर काम ताडून बघायचे आणि मान हलवायचे. आपल्या बाबांबद्दल मी असं काही लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. आज लिहिते, की मला त्यांची किळस आली.

आणि तुझीही थोडी येते. त्यांनी तुला जे केलं ते तू मला केलंस. मी काही म्हटलं की तुझी मान हलतेच. माझ्या एका तासासाठी तू माझ्या पाठीमागे बाईंना फोन केलास. जाणकार माणूस म्हणे. या ट्रान्सफॉर्मरबद्दल जगात एकच जाणकार माणूस उरलंय.

सोळाला ये किंवा येऊ नकोस. साडेनऊचा कॅपॅसिटर मी त्याला लावू देणार नाही. लावलास तर मुलांसमोर तो फुटेल, आणि माझ्या हातचं एवढं एकच काम जगात शिल्लक आहे. सही द्यायची नसेल तर नको देऊस, मी घड्याळ घेऊन घरी जाईन. पण बादली चौदाचीच राहील.

बारकी

१३ मार्च

बारके,

पार्सल मिळालं. पट्ट्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात कानशीची खाच आहे. बाबा कापलेल्या प्रत्येक पट्टीला ती मारायचे, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे पुढे मोजायची गरजच नव्हती. पण मी आयुष्यभर तपासत आलोय, सवय जात नाही.

मी बांधलेला एक ट्रान्सफॉर्मर डांबर न भरता पडून होता. काल दुपारी जेवण झाल्यावर त्यातल्या सहा पट्ट्या उपसल्या. पाच मिनिटं लागली. माळ्यावरून जुनी निळी नळी काढली, तुझ्या वहिनीला पडदे ओढायला सांगितले आणि बटण दाबलं. तोच उजेड. तसूभरही कमी नाही. तुझी वहिनी म्हणाली, किती सुंदर आहे, हा आधी का नाही केलात. मी तिच्यावर ओरडलो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

तू म्हणतेस बाबांनी तुझ्या चुकीशी माझं काम ताडलं. त्यातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही, कारण तू तिथे फार दिवस नव्हतीस. बाबा मीटर लावल्याशिवाय एकही ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवायचे नाहीत. हासुद्धा त्यांनी मोजला असणारच. म्हणजे त्यांनी पंचेचाळीस वाचले, आणि मग खोक्यातून तीसची प्लेट काढून त्यावर बसवली. पट्ट्या कमी आहेत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला एका शब्दाने सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

तुला एकेचाळीस वर्षं काय काय बोललो ते आठवायला बसलो तर कागद पुरायचा नाही. आणि माफीची पत्रं मला लिहिता येत नाहीत, आमच्या दुकानात तो माल कधी ठेवलाच नव्हता. कागद सोबत आहे. बाईंना दाखव. त्यावर लिहिलंय की कॅपॅसिटर चौदा नॅनोचाच असावा, आणि ट्रान्सफॉर्मर जिने बांधला तिनेच तो ठरवला आहे. खाली सही माझी आहे. माझा साडेनऊचा भंगारात टाकला.

वीस तारखेला येतो. मागच्या बाकावर बसेन, तोंड उघडणार नाही. वहिनी पण येतेय. फट सुरुवातीला अरुंदच ठेव, हे तुला माहीत असेल, तरी लिहितो.

आणि प्लेटला हात लावू नकोस. तिचे स्क्रू गंजलेत, घाई केलीस तर माथी मोडतील. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतोय. तीन वाजायच्या आत ती मी काढणार.

दादा